पायउतार

आमदारसाहेब खरं बोलायचे ते फक्त पाण्यावर. जमिनीला पाय लागला की छाती पुढं यायची, आवाजाला धार चढायची आणि तोंडातून पूल निघायला लागायचा. सगळा मुलूख त्यांना पूलवाले साहेब म्हणायचा. पूल मात्र कुणी बघितला नव्हता. नदी होती, अलीकडं वाडी होती, पलीकडं शाळा, बाजार, दवाखाना, कचेरी. दोन्हींच्या मध्ये एक नाव होती आणि त्या नावेत एक नावाडी होता.

साहेब आधी साहेब नव्हते. वाडीत खोली घेऊन राहायचे आणि पलीकडच्या शाळेत मास्तरकी करायचे. अंगानं काडीपैलवान. एकदा पुराच्या दिवसांत चार दिवस नाव सुटली नाही, तेव्हा मास्तर काठावर उभे राहून नदीला शिव्या द्यायला लागले. शिव्या संपल्या तेव्हा भोवती माणसं जमली होती. मास्तर म्हणाले, "इथं पूल पाहिजे." आणि ते मनापासून म्हणाले, हे नावाड्यानं स्वतः बघितलं. तो घाबरला तो त्यामुळंच. खोटं बोलणाऱ्याची भीती कशाला वाटेल?

मास्तर निवडणुकीला उभे राहिले. नावाडी तेव्हा जवान होता. वल्ह्याला गाणं जोडावं तसा तो प्रत्येक खेपेला उतारूंना सांगायचा, "मास्तर चांगला आहे हो, देवमाणूस. पण पुलाचा रस्ता आपल्या घरांवरून जाणार म्हणे. वाडी उठवायला लागणार." नावेत बसल्यावर माणसाचं डोकं जरा सैल होतं. पाणी चुळुकचुळुक करत असतं, काठ धूसर होतो, आणि कानात पडेल ते खरं वाटतं. मास्तर सपाटून पडले.

पुढच्या निवडणुकीच्या आधी, धुक्याच्या एका सकाळी, ते एकटेच नावेत येऊन बसले. मध्यावर गेल्यावर म्हणाले, "थांबव जरा."

नावाड्यानं वल्हं उचललं. मास्तर फळीवर उताणे झाले, टोपी तोंडावर घेतली आणि टोपीतून बोलले, "मला पाडलंस तू."

नावाडी वल्ह्यावरचं पाणी निथळू देत राहिला.

"बरं केलंस. पाच वर्षं विचार केला. पूल झाला असता तर पुढं काय सांगितलं असतं रे लोकांना? पूल करून झालेल्या माणसाला कोण मत देतं?" टोपी बाजूला झाली. डोळे मिटलेलेच होते. "या खेपेला तू एवढंच सांगायचं, मास्तर पूल करणार. आणि मी तुला सांगतो, नाव तुझीच राहील. ठेका तुझ्याच घरात."

नावाड्याची खेप म्हणजे अलीकडून पलीकडं. साहेबांची खेप पाच वर्षांची. तो हिशेब त्या दिवशी पाण्यावर जुळला. मास्तर निवडून आले, साहेब झाले, आणि जाताना गळ्यातल्या हारातलं एक फूल नावेच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, ठेवून गेले.

मग कोनशिला आली. मोठा काळा दगड, त्यावर साहेबांचं नाव. पुढच्या खेपेला मापं घेणारी माणसं आली, त्यांनी तांबड्या रंगाचे खांब रोवले. खांबांना दोऱ्या बांधून वाडीच्या बायका कपडे वाळत घालायच्या आणि कोनशिलेवर कपडे आपटायच्या. एवढा उपयोग कुठल्याच आमदाराच्या कामाचा झाला नसेल. साहेबांनी एकदा पक्ष बदलला, मग गळ्यातला पट्टा वेगळ्या रंगाचा आला. एकदा थोडे महिने मंत्री झाले. तेव्हा नावेत चढले तर नाव एका अंगाला झुकली आणि सगळे हसले. साहेबही हसले. पण मध्यावर आलं की तेच. डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "काय सुख आहे रे इथं. सगळे काठ लांब. काठावर आलं की माणूस भाषणच करतो." आणि घोरायला लागायचे. नावाडी वल्हं अलगद मारायचा, साहेबांची झोप मोडू नये म्हणून. सगळा मुलूख त्यांची वाट बघत असायचा आणि साहेब त्याच्या पायांशी झोपलेले असायचे. याला तो मोठेपणा समजायचा. गुलामाला मालकाच्या झोपेचाही अभिमान वाटतो, त्यातला प्रकार.

असा सगळा जन्म गेला. आता साहेब पुन्हा उभे होते, आणि नावाड्याचा उजवा खांदा कामातून गेला होता.

त्या हिवाळ्यात नदी खाली गेली होती. वरच्या धरणाचं पाणी संध्याकाळी सोडायचे, तेवढी ती फुगायची, सकाळी पुन्हा मरगळायची. नावाडी आणि नावाडीण नाव काठावर पालथी घालून तिच्या भेगा बुजवत होते. तो चिंध्या पिळून फटीत कोंबायचा, ती डब्यातलं गरम डांबर काठीनं वर ओढायची. डांबराच्या वाफेनं दोघांचे डोळे चुरचुरत होते. चिंध्या ठोकायची मोगरी उचलताना त्याचा हात खांद्याच्या वर जाईना. तिनं बघितलं. आधी डांबर ओढत राहिली. मग बोललीच.

"दुसरी नाव असती तर एक दिवस आड झोपला असतात तुम्ही."

"दुसऱ्या नावेचं नाव काढू नकोस."

"का? पाणी काय तुमच्या बापाचं आहे?"

"बापाचंच आहे. त्याच्या बापाचंही होतं. आपल्या घरातली नाव आहे ही."

"घरातली म्हणे. घरात मी पण राहते. मी कोण, भाड्यानं राहते?" तिनं काठी डब्यात आपटली. "लग्न होऊन आले त्या दिवसापासून मागं बसून पाणी उपसते. एकदा तरी वल्हं हातात दिलं?"

"बायकांचं काम आहे का ते?"

"नाही बाई. बायकांचं काम खांदा चोळायचं."

तो हसला. तीही हसली, पण वाकडं. चोळायला मात्र बसली. तिच्या बोटांना डांबराचा वास होता, ऊन पाठीवर होतं, आणि नावाड्याला अशी गुंगी आली की खांदा आपला नाहीच, नावेचाच कुठला तरी सांधा कोणी दाबतंय, असं वाटायला लागलं. त्या गुंगीत ती काय म्हणाली ते त्यानं अर्धवट ऐकलं. "कंपाउंडरशी बोलले मी," असं काहीतरी. तो "हं" म्हणाला.

कंपाउंडर हा साहेबांच्या विरुद्ध उभा राहिलेला माणूस. पलीकडच्या दवाखान्यात गोळ्या बांधून द्यायचा. भाषण त्याला येत नव्हतं. वाडीत आला तेव्हा कोनशिलेवर कुणाचं तरी ओलं पांघरूण होतं, ते बाजूला सारून तिथंच बसला आणि म्हणाला, "पूल माझ्यानं व्हायचा नाही. माझ्या बापाच्यानंही व्हायचा नाही. मी दुसरी नाव आणून देतो. एवढं जमेल."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. एवढं छोटं आश्वासन कुणी ऐकलंच नव्हतं. शिंपी म्हणाला, "अहो, जरा तरी मोठं बोला. मत द्यायला लाज वाटेल."

"मोठं बोललो तर झोप लागत नाही मला."

माणसं हसली, पण हसता हसता वाडी फिरली. नावाड्याला ते काठावरच्या बोलण्यातून कळलं, उतारूंच्या गप्पांतून कळलं. पूल कधीच आला नसता, म्हणजे नावाड्याला धोका नव्हता. पण दुसरी नाव? ती येऊ शकत होती. एवढ्याशा खऱ्यानं त्याच्या पायाखालची फळी हलली. साहेबांचा तो आभाळाएवढा पूल त्याच्या डोक्यावर छपरासारखा होता, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मतदान पलीकडच्या शाळेत होतं. आदल्या दुपारी साहेबांचा माणूस आला. तो कायम साहेबांच्या मागं असायचा, म्हणून त्याला सगळे सावली म्हणायचे. आज सावली एकटीच आली होती. तिनं नावेभोवती एक चक्कर मारली.

"वाडीचा रंग काही खरा नाही म्हणतात."

"तसं काही नाही."

"आहे. उद्या नाव सुटायला तर हवीच, नाहीतर बोभाटा होईल. पण नदीचं काय, कुठंही वाळू असते." सावलीनं बुटाच्या टोकानं वाळू उकरली. "अडकली नाव तर नावाड्याचा काय दोष? संध्याकाळी पाणी सुटलं की निघेल की. ठेक्याचं साहेब बघतील."

"साहेबांनी सांगितलंय?"

"साहेब प्रत्येक गोष्ट स्वतः सांगतात का?"

दुसऱ्या दिवशी उजाडलंच नाही म्हणावं असं धुकं होतं. काठ नव्हता, पाणी नव्हतं, नुसता पांढरा ओलावा. त्यातून माणसं एकेक करून उगवली. शिंपी आला, त्याची बायको आली, वाडीभरच्या माणसांची आत्या काठी टेकत आली. बाकीची आली. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते. नावाडीणही नवं लुगडं नेसली होती. आज ती मागं पाण्यात बसली नाही, पुढं फळीवर बसली.

"अगं, पाणी कोण उपसणार?"

"आज मी उतारू," ती म्हणाली. "सांभाळून न्या."

नाव निघाली. वल्ह्याचा आवाज धुक्यात भिजून परत येत होता. बोलणं मंद झालं, मग थांबलं. आत्या म्हणाली, "मेल्यावर असंच नेत असतील, नाही?" शिंपी म्हणाला, "आत्या, मत देऊन मग मर. एक मत कमी पडलं तर तुझ्या नावानं खडे फोडतील." हसणंही मऊ झालं होतं. माणसांच्या पापण्या जड झाल्या. नावाड्याला वाटलं, असंच जात राहावं. कुठं पोचूच नये. कुणाला पाडू नये, कुणाला निवडून आणू नये. पण हात त्याचं काम करत होते. मधल्या वाळूचा उंचवटा कुठं आहे, ते त्याच्या हातांना डोळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यानं डावं वल्हं रोखलं. नाव वळली. खाली एक लांब, दबलेला खर्रकन आवाज झाला, आणि ती बसली.

"अडकली," तो म्हणाला. आवाज त्यालाच परका वाटला.

त्यानं बांबू रोवला, ढकलल्यासारखं केलं, घाम पुसला. पुरुषांनी वल्ह्यांनी रेटून बघितलं. नाव हलेना. मग सगळे बसून राहिले. सूर्य धुक्याआड वर चढत गेला, धुकं पिवळट झालं, विरळ झालं. पलीकडचा काठ दिसायला लागला, शाळेचं छप्पर दिसलं, दारापुढची रांग दिसली. इतकी जवळ की माणसं मोजता यावीत. आत्याला लघवीला लागली, ती ओठ दाबून बसली. शिंप्याच्या बायकोनं आडोसा म्हणून पदर धरला, तोवर म्हातारीचं लुगडं भिजलंच. नवं लुगडं. कुणी तिच्याकडं बघितलं नाही. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "फळीला पाणी लागलंय वाटतं." शिंपी म्हणाला, "हो आत्या, गळतेय नाव." एवढी माणुसकी त्या नावेत होती, आणि ती एका वल्ह्यावाल्यानं वाळूवर चढवून ठेवली होती.

नावाडीण उठली. त्याच्यासमोर येऊन हळूच म्हणाली, "तुम्ही चढवलीत."

"मी कशाला?"

"वळताना माझी पाठ तुमच्याकडं होती. पण नाव माझ्या अंगाला कळते. कुणी सांगितलं?"

त्यानं बांबू पुन्हा रोवला. मग दात खात म्हणाला, "दुसरी नाव आली तर खाशील काय? कुणीतरी उपटसुंभ येणार, निम्मे उतारू घेऊन जाणार."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग पुढं जे बोलली ते सगळ्या नावेनं ऐकलं.

"ती नाव मी मागितली होती. माझ्यासाठी. कंपाउंडरला कुणी सुचवलं वाटतं तुम्हाला? म्हटलं, ह्यांचा खांदा गेलाय, ठेका ह्यांचा असू दे, दुसरी नाव मी चालवीन. एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. सांगितलं होतं मी तुम्हाला, खांदा चोळताना. हं म्हणालात."

नदी अगदी हळू वाहत होती. नावाड्याचा हात आपल्या उजव्या खांद्यावर गेला.

तिनं निऱ्या खोचल्या आणि नावेच्या कडेवरून पाय खाली सोडला.

"अगं, डोह आहे!" तो ओरडला. "पलीकडच्या अंगाला डोह आहे, बुडशील!"

हे त्याच्या बापानं सांगितलेलं, आज्यानं सांगितलेलं. नाव चालवणाऱ्या घरानं पिढ्यानपिढ्या उतारूंना हे सांगितलं होतं. ती पाण्यात उभी राहिली. पाणी तिच्या पोटरीला लागत होतं. ती चालायला लागली. पाणी गुडघ्याला आलं, मांडीला आलं, कमरेला आलं. नावेतली माणसं कडेवर ओणवी झाली. मग पाणी पुन्हा मांडीला आलं.

ती वळली. "डोह कुठं गेला हो?"

आत्या ताडकन उठली. "अगं बाई! इथं तर पायउतार आहे!"

"हळू बोल आत्या," शिंपी म्हणाला, "साहेबांच्या कानावर पायउतार शब्द गेला तर झोप उडेल त्यांची."

आणि मग असं हसू फुटलं की नाव हादरली. एकेक करून सगळे उतरले. चपला डोक्यावर, ठेवणीतले कपडे वर खोचलेले, एकमेकांचे हात धरलेले. शिंप्यानं आत्याला पाठुंगळी घेतलं. धुक्याच्या शेवटच्या पदरातून ती माणसांची माळ पाण्यावरून चालल्यासारखी जात होती. नावाडी बघत राहिला. हे आपण झोपेत बघतोय, असं त्याला वाटलं. तेवढ्यात पायाखाली काहीतरी सुटलं. ओझं उतरलं तशी नाव वाळूवरून उचलली गेली आणि आपसूक तरंगायला लागली.

"अहो, निघाली! बसा! निघाली नाव!"

कुणी मागं बघितलं नाही.

तो एकटाच पलीकडं पोचला. शाळेपुढच्या झाडाखाली साहेबांची गाडी उभी होती, आत साहेब मागं टेकून बसले होते. सावली बाहेर उभी होती. नावाडी खिडकीशी गेला. एवढ्या वर्षांत तो साहेबांशी जमिनीवर कधी बोलला नव्हता.

"साहेब, काम केलं मी. पण नाही झालं."

"कुठलं काम?"

"नाव अडकवली. सावलीनं सांगितलं होतं."

साहेबांनी सावलीकडं बघितलं. सावलीनं झाडाकडं बघितलं. साहेब कंटाळून म्हणाले, "काहीतरी उद्योग करत असतात लेकाचे. अरे, तुमच्या वाडीची मतं मी कधी धरलीच नव्हती हिशेबात. खालच्या अंगाची गावं आहेत की. मी निवडून आलोय, मोजायचं तेवढं राहिलंय." त्यांनी डोळे मिटले. "कोण रे तू? हां, नाववाला. बघू, बघू."

आणि ते खरं होतं. पुढं निकाल लागला तेव्हा साहेब पुन्हा आले आणि कंपाउंडर गोळ्या बांधायला गेला. वाडीभर मतं कंपाउंडरला पडली काय नि पाण्यात पडली काय, साहेबांच्या केसालाही धक्का नव्हता. माणसाला स्वतःला विकायला लावायचं, आणि विकून झाल्यावर सांगायचं की आम्हाला घ्यायचंच नव्हतं. राज्य करतात ते असं करतात.

त्या दिवशी नावाडी गाडीपासून निघून रांगेत उभा राहिला. बोटाला शाई लागली. आडोशामागं गेल्यावर तो कंपाउंडरची निशाणी शोधत होता. ती खाली कुठंतरी होती. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आटपा बाबा." बोट सवयीनं वर गेलं, साहेबांच्या निशाणीवर, आणि यंत्रानं आवाज केला. तो तसाच उभा राहिला. बोट मागं घेतलं तरी आवाज कानातून जाईना.

सगळ्यांची रांग सरेपर्यंत दिवस कलला आणि धरणाचं पाणी आलं. नदी भरली, तांबूस झाली. आता चालत जाणं नव्हतं. सगळे काठावर नावेशी येऊन थांबले. कुणी नावाड्याला बोल लावला नाही. त्यांना घरी जायचं होतं आणि नाव एकच होती. एवढ्यासाठीच सगळे गप्प होते, हे त्याला समजत होतं.

तो नाळेशी जायला वाकला. बायको आधीच तिथं उभी होती. वल्ही तिच्या हातात होती.

"बसा तिकडं," ती म्हणाली. "माणसांत."

तो फळीवर बसला. शिंपी थोडा सरकला. जागा करून देण्यासाठी की अंग लागू नये म्हणून, ते कळलं नाही. नाव निघाली. पहिल्या दोन वल्ह्यांना ती वाकडी गेली, मग तिला सूर सापडला. नावाड्यानं ही नदी जन्मभर उभ्यानं बघितली होती. आज बसून बघताना ती वेगळीच दिसत होती, रुंद, मऊ, तिच्यात उतरत्या उन्हाचा रंग वितळत चाललेला. पुढं बायकोची पाठ वाकत होती, सरळ होत होती. मध्यावर आलं तेव्हा त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. त्यानं त्या जोरानं उघड्या ठेवल्या. इथं कोण झोपायचं ते त्याला आठवलं आणि किळस आली, आपलीच.

तिनं नाव त्याच्या नेहमीच्या जागी लावलीच नाही. खाली, घरांच्या जवळ, जिथं नाव लागत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा, तिथं अलगद लावली.

"उतरा," ती म्हणाली.

आत्यानं उतरताना तिच्या दंडाला धरलं. शिंप्यानं विचारलं, "सकाळी पहिली नाव कधी?"

नावाड्यानं तोंड उघडलं.

"उजाडलं की," ती म्हणाली.

माणसं चढण चढून गेली, त्यांचं बोलणं घराघरांत शिरलं. तिनं दोर खांबाला बांधला, गाठ ओढून बघितली, लुगड्याचा ओला काठ पिळला. तो फळीवरच बसून होता. उतरा, असं ती सगळ्यांना म्हणाली होती. त्यात आपण होतो की नाही, हे त्याला कळत नव्हतं.